बांधणारे हात : हुतात्मा भाई कोतवाल

(खास प्रतिनिधी)

दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोर जे उद्यान आहे, त्याला वीर कोतवालांचे नाव आहे. रोज हजारो मुंबईकर त्याच्या कडेने स्थानकाकडे धावत असतात. मात्र हे कोतवाल कोण, कुठले आणि त्यांनी नेमके काय केले, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच निघतील. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकिलीपर्यंत शिकलेले आणि वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीला बळी पडलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांची ही जीवनकथा. देशासाठी लढायला निघालेल्या तरुणाची किंमत कोण कोण आणि कशी मोजते, हा प्रश्न ती आजही विचारते.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघाले की बोरघाट चढण्यापूर्वी खोपोलीचा शिळफाटा लागतो. मुंब्र्याजवळचा शिळफाटा तो निराळा. द्रुतगती मार्ग झाल्यापासून येथे थांबणारे प्रवासी कमी झाले असले, तरी मालमोटारींची वर्दळ, वडापावच्या गाड्या आणि घाटाकडे पाहत उभी असलेली वाहने हे दृश्य फारसे बदललेले नाही. खोपोलीची खरी ओळख मात्र या रस्त्याच्याही आधीची आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांचे पाणी डोंगरावरून मोठमोठ्या नळांतून खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये येथे वीज निर्माण करण्यास सुरुवात केली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे केंद्र सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. उंच लोखंडी मनोऱ्यांवरून तारा शहराकडे गेल्या. खालच्या शेतांतील आणि वाड्यांतील झोपड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली.

एका तरुणाने १९४२ मध्ये याच मनोऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यापूर्वी त्याने जे काही केले होते, ते सारे उभारणीचे काम होते. त्यामुळेच त्याची कथा शेवटाकडून न सांगता सुरुवातीपासून सांगणे योग्य ठरेल.

माथेरानचा मुलगा

विठ्ठल कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ही डोंगरमाथ्यावरची जागा युरोपीय लोकांच्या नजरेत आणली आणि पुढे साहेबांचे, तसेच मुंबईतील धनिकांचे बंगले तेथे उभे राहिले. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये नेरळहून वर जाऊ लागली. साहेबांचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे माथेरान, हे खरे. पण तेथे राहणाऱ्या हमालांचे, घोडेवाल्यांचे, धोब्यांचे आणि नाभिकांचेही एक माथेरान होते. हंगामात चार पैसे मिळवायचे आणि पावसाळ्यात हंगामाची वाट पाहायची, असे त्यांचे जगणे होते.

कोतवालांचे घर अशाच कष्टकऱ्यांचे होते. वस्तरा आणि कात्री हीच त्या घराची मिळकत. मुलाने त्याच धंद्यात यावे, असे घरच्यांनी ठरवले असते तर त्यात कोणालाच काही वावगे वाटले नसते. पण मुलगा हुशार निघाला. माथेरानला प्राथमिक शिक्षणापलीकडे सोय नव्हती. त्यामुळे त्याला पुण्यात आत्याकडे पाठविण्यात आले. दुसऱ्याच्या घरी राहून शिकणे म्हणजे काय, हे त्या पिढीतील कोणत्याही गरीब विद्यार्थ्याला सांगावे लागत नसे. घरची कामे सांभाळायची, पुस्तके मागून आणायची आणि आपण कोणाच्या तरी उपकारावर शिकत आहोत, याची जाणीव ठेवायची. विठ्ठलने शाळेत चांगले यश मिळविले, वाडिया महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे कायद्याची पदवी मिळवून तो वकील झाला.

आज या वाक्यात विशेष काही वाटणार नाही. पण १९३० च्या दशकात नाभिक समाजातील एखादा तरुण वकील होणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्या पदवीमागे वडिलांचे कष्ट होते, आत्याचे घर होते आणि एका साऱ्या कुटुंबाने पोटाला दिलेला चिमटा होता. त्या घराकडे जमीन नव्हती, ठेव नव्हती. शिकलेला मुलगा हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी होती. पुढे सिद्धगडावर काय गमावले गेले, याचा हिशेब करताना ही पुंजी विसरून चालणार नाही.

१९३५ मध्ये पुण्याच्या इंदू तिरलापूरकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वयाची तेविशीही पूर्ण झालेली नव्हती. वकिली करावी, नाव कमवावे, संसार उभा करावा असा सरळ मार्ग समोर होता. त्यांनी वेगळा मार्ग निवडला आणि त्या निवडीत अर्थातच इंदूताईंचे आयुष्यही गुंतले गेले.

धान्य, पाटी आणि दावे

कर्जत तालुका मुंबईपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असला, तरी तेथील खेडी शहरापासून फार दूर होती. आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी हे येथील शेतकरी व मजूर. भात हे एकच पीक. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपले की सावकाराच्या दारात जाऊन खावटी आणायची आणि सुगी झाली की वाढीदिढीने फेडायची. खळ्यावरचे भात मोजून झाल्यावर कुळाच्या हाती काय उरत असेल, याची कल्पना येऊ शकते. घेतलेले कर्ज कागदावर किती आणि तोंडी ठरले होते किती, हे वाचता येत नसल्याने कळत नसे. अंगठा उमटला की विषय संपला.

भाई कोतवालांनी या साखळीचे दुवे नीट ओळखले होते. उपासमारीच्या महिन्यांत शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागू नये, म्हणून त्यांनी धान्यकोठ्यांची कल्पना राबविली. सुगीत धान्य साठवायचे आणि पावसाळ्यात ते गरजूंना वाजवी दराने उसने द्यायचे, असा हा व्यवहार होता. अंगठ्याच्या जागी सही यावी, म्हणून खेड्यापाड्यांत स्वयंसेवकांच्या बळावर शाळा सुरू केल्या. कुळांचे तंटे कोर्टात गेले तर त्यांची बाजू मांडायला हा वकील उभा राहत असे. 'भाई' हे संबोधन त्यांना याच कामातून मिळाले. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. ज्या गावात वडिलांनी धनिकांच्या दाढ्या केल्या, त्याच गावच्या कारभारात मुलगा बसला. लोकशाहीची खरी ओळख त्या डोंगरावरच्या गावाला अशी झाली असे म्हणावे लागेल.

हे काम संथ होते. धान्यकोठीने एका हंगामात सावकारी संपत नाही आणि शाळेने एका वर्षात गाव साक्षर होत नाही. अशा कामाला दहा-वीस वर्षे द्यावी लागतात, आणि भाईंची ती तयारी होती, असे त्यांनी घातलेल्या पायावरून दिसते. पण काळाला तेवढी सवड नव्हती.

ऑगस्ट १९४२

जग युद्धात होरपळत होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, मार्चमध्ये रंगून गेले. ब्रह्मदेशातून पायी चालत निघालेले निर्वासित भारतात येऊ लागले. हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढण्यात आले होते आणि क्रिप्स यांची शिष्टाई फसली होती. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने युद्धाचा माल तयार करीत होते. ८ ऑगस्ट रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'भारत छोडो'चा ठराव केला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सर्व प्रमुख नेते गजाआड झाले.

नेते तुरुंगात गेल्यामुळे आंदोलन तरुणांच्या हाती आले. काय करायचे आणि काय करायचे नाही, हे सांगणारे वडीलधारे कोणी बाहेर उरले नव्हते. महाराष्ट्रात १६ ऑगस्टला चिमूर पेटले. ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा सोळा वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा आपल्या सवंगड्यांसह पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. साताऱ्यात पुढे प्रतिसरकार उभे राहिले. देशभर तारायंत्रे, रूळ आणि पोस्ट कचेऱ्या हे तरुणांचे लक्ष्य बनले. एखाद्या राज्ययंत्रणेला रक्ताचा थेंब न सांडता कसे ठप्प करायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

भाई कोतवाल भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. जयप्रकाश नारायण यांनी नेपाळच्या हद्दीत याच नावाचे पथक उभारले ते १९४३ मध्ये, म्हणजे नंतर. कर्जतच्या दस्त्यात खेड्यांतील शेतकरी होते, मास्तर होते, शिकलेले तरुण होते. नेरळजवळच्या मानिवली गावचे गोमाजी पाटील हे त्यातील एक प्रमुख. त्यांच्याबरोबर त्यांचा तरुण मुलगा हिराजीही दस्त्यात आला. बाप आणि लेक एकाच पथकात असणे ही गोष्ट ऐकायला अभिमानाची वाटते. पण एका घरातील दोन पुरुष जंगलात गेले की त्या घरच्या भाताची कापणी कोणी करायची, हाही प्रश्न असतोच.

मनोरे कोसळले

दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडण्याचे ठरविले. यामागे स्पष्ट विचार होता. मुंबईतील गिरण्या, कारखाने आणि रेल्वे यांचा प्राण या तारांत होता. तारा तुटल्या की युद्धाचे उत्पादन थांबेल, शहराला आंदोलनाची जाणीव होईल आणि कोणाचाही जीव घ्यावा लागणार नाही. रात्रीच्या अंधारात डोंगरकडेला जायचे, मनोऱ्याचे लोखंडी पाय करवतीने कापायचे आणि पहाट होण्यापूर्वी जंगलात परतायचे, असे हे काम. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा मनोरे पाडले.

लोखंड कापायला वेळ लागतो. करवतीचा आवाज रात्री दूरवर जातो. मनोरा कोणत्या बाजूला पडेल, याचा नेम नाही. तारांतून विजेचा प्रचंड दाब वाहत असतो. या कामाचे कसलेही प्रशिक्षण नसलेल्या तरुणांनी ते केले. शाळा सुरू करणाऱ्या, धान्य साठविणाऱ्या, कागदपत्रांच्या आधारे कुळांना न्याय मिळवून देणाऱ्या माणसाने आता करवत हाती घेतली होती. जे हात बांधण्यासाठी घडले होते, त्यांना पाडण्याचे काम शिकावे लागले. परकी सत्ता तरुणांकडून जी किंमत वसूल करते, तिचा हा पहिला हप्ता असतो. तो भरल्याची नोंद कोठेही होत नाही.

या मार्गाविषयी तेव्हाही मतभेद होते. मालमत्तेची नासधूस अहिंसेत बसते काय, हा वाद पुढे बराच काळ चालला. १९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. पण तो सल्ला ऐकायला भाई कोतवाल राहिले नव्हते. १९४२ च्या शरद ऋतूत कर्जतच्या जंगलात बसलेल्या तरुणाला स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज विचारायला कोणी नव्हते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या निर्णयाचे माप करता येणार नाही.

सरकारची प्रतिक्रिया तीव्र होती. मनोऱ्यांवर पहारे बसले. भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झाले. हॉल नावाचा इंग्रज पोलीस अधिकारी त्यांच्या मागावर होता. खेड्यांतून झडत्या आणि धरपकड सुरू झाली. भूमिगताचे घर हे अशा वेळी सर्वांत उघडे घर असते. पोलीस तेथे केव्हाही येऊ शकतात, शेजारी बोलायचे टाळतात आणि आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे विचारण्याचीही सोय नसते. जंगलातल्या तरुणांना निदान एकमेकांची सोबत होती, हाती काम होते. घरातील स्त्रियांच्या वाट्याला फक्त वाट पाहणे होते.

दस्त्याचे जगणे या काळात अधिकाधिक कठीण होत गेले. एका ठिकाणी फार दिवस राहता येत नव्हते. आदिवासी वाड्यांतून मिळेल ती भाकरी हाच आधार होता. आणि ती भाकरी फुकट नव्हती. स्वतःच्या घरात वर्षभराचे धान्य नसलेला ठाकूर किंवा कातकरी जेव्हा अनोळखी तरुणांच्या हातावर भाकरी ठेवतो, तेव्हा तो आपल्या मुलांच्या ताटातले देत असतो. शिवाय पोलिसांचा मार ओढवून घेत असतो. या माणसांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत.

सिद्धगडाची पहाट

सिद्धगड हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेलगतचा उंच, दाट जंगलाने वेढलेला किल्ला. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील हा भाग कर्जतच्या सीमेला लागून असून मागे भीमाशंकरचा कडा उभा आहे. लपायला याहून चांगली जागा त्या परिसरात नव्हती. डिसेंबर १९४२ च्या अखेरीस दस्त्याचा मुक्काम याच जंगलात होता. थंडी, अपुरे अन्न आणि अपुरे पांघरूण. भाईंनी नुकतीच वयाची तीस वर्षे पूर्ण केली होती.

त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना फितुरीमुळे कळला, असे या भागात आजही सांगितले जाते. इनामाची रक्कम आणि भीती या दोन गोष्टी एकत्र आल्या की अशी फितुरी होते. आपल्या इतिहासाला ती नवी नाही. शनिवार, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉलच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक पोलिसांनी दस्त्याला गाठले. उजाडायच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. हिराजी पाटील गोळी लागून कोसळले. भाईंच्या मांडीत गोळी घुसली आणि त्यांना हालता येईना. जखमी होऊन पडलेल्या या माणसाला ओळखल्यावर हॉलने त्यांच्यावर जवळून गोळी झाडली. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

वकिलाचा खटला कोर्टात चालला नाही. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, शिक्षेचे वाचन नाही. इतरांच्या खटल्यांत बाजू मांडणाऱ्या माणसाला स्वतःची बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही.

त्या पहाटे जंगलात चालून आलेल्या पोलिसांत बहुसंख्य शिपाई येथलेच होते. तेही कोणा गरीब घरची मुले. महिन्याच्या पगारासाठी खाकी अंगावर चढवलेली. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, नेम मात्र आपल्याच माणसांवर. पारतंत्र्याचे हे सर्वांत वाईट रूप म्हणावे लागेल. दोन्ही बाजूंची तरुण पोरे एकाच मातीतली असतात आणि लाभ तिसऱ्याचाच होतो.

दोन मरणे, एक जिल्हा

याच कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, आणखी एका तरुणाचे स्मरण येथे अस्थानी ठरणार नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. सिद्धगडाच्या घटनेनंतर दीड वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील अपर टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीचे प्रमुख असलेले घाडगे तेवढे बचावले. बाकीचे ठार वा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेऊन हातबॉम्बने ती मशीनगन बंद पाडली आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नसल्याने दस्त्याचे तडाखे देऊन उरलेल्यांना ठार केले. लगेचच दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजाने त्यांना टिपले. वय वर्षे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या तरुण पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारला. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे.

एकाच जिल्ह्यातील दोन तरुण. एकाला ब्रिटिश सरकारने गोळी घातली, दुसऱ्याला सर्वोच्च शौर्यपदक दिले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक ब्रिटिशांच्या बाजूने लढले. त्यांपैकी अनेकांना पोटाने भरतीच्या रांगेत उभे केले होते. त्यांचे शौर्य खोटे ठरत नाही आणि भाईंचे बंडही. कोकणातल्या या दोन घरांत मात्र एकच गोष्ट घडली. तरुण स्त्रीचे कुंकू पुसले गेले आणि म्हातारपणी आधार व्हायचा तो मुलगा गेला. गोळी कोणत्या गणवेशातून सुटली, यामुळे त्या दुःखात फरक पडत नाही.

मागे उरलेले

लढाया संपल्यावर इतिहास पुढे जातो. मागे राहिलेल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागते. इंदूताईंचा संसार अवघ्या सात वर्षांचा. त्यातले अखेरचे महिने तर पती भूमिगत असल्याने ताटातुटीतच गेले. स्वातंत्र्य येण्यास आणखी चार वर्षे सात महिने लागणार होते. १५ ऑगस्ट १९४७ च्या रात्री देशभर दिवे लागले, तेव्हा ज्या घरांनी त्या दिव्यांसाठी आपला माणूस दिला होता, तेथील आनंदात एक रिकामी जागा होती.

गोमाजी पाटील यांची गोष्ट तर अधिकच जिव्हारी लागणारी आहे. मुलगा दस्त्यात आला तो बापाच्या पाठोपाठ. बाप वाचला, मुलगा गेला. जगाच्या रीतीच्या उलट घडलेल्या या प्रसंगानंतरही गोमाजींनी सार्वजनिक काम सोडले नाही. स्वातंत्र्यानंतरही ते कर्जतच्या शेतकऱ्यांमध्ये वावरत राहिले. मुलाच्या मरणाचे सांत्वन त्यांनी कामात शोधले असेल काय, हे ज्याचे त्याला ठाऊक.

आणखीही एक हानी झाली, तिची चर्चा क्वचितच होते. भाईंच्या बरोबर त्यांचे सुरू झालेले काम खुंटले. धान्यकोठ्या, शाळा, कुळांची वकिली हे सारे एका माणसाच्या विश्वासावर उभे होते. तो माणूस तिसाव्या वर्षी गेला. ते आणखी तीस वर्षे जगते, तर या तालुक्याला काय मिळाले असते? स्वतंत्र महाराष्ट्रात कूळकायदा आला, सहकाराची चळवळ वाढली, खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. ज्या गोष्टी भाई आपल्या हिमतीवर करू पाहत होते, त्यांना राज्याचा आधार मिळाला, तेव्हा त्या कशा करायच्या हे जाणणारा, तळागाळातून आलेला एक अनुभवी माणूस हयात नव्हता. हुतात्म्याची किंमत मोजताना आपण त्याने दिलेल्या प्राणांचा उल्लेख करतो. त्याच्या न जगलेल्या वर्षांचा हिशेब राहून जातो.

पाडलेले मनोरे सरकारने पुन्हा उभे केले. वीज पुन्हा वाहू लागली. अकरा मनोऱ्यांनी साम्राज्य कोसळले नाही, हे मान्य करावे लागेल. मग हे बलिदान व्यर्थ गेले काय? तसे म्हणणे हा उथळपणा ठरेल. साम्राज्ये एका धक्क्याने पडत नाहीत. यापुढे या देशावर केवळ बळाच्या जोरावरच राज्य करावे लागेल आणि ते परवडणारे नाही, हे ब्रिटिशांना १९४२ ने कळवले. त्या संदेशातील एक ओळ कर्जतच्या डोंगरांत लिहिली गेली. पण ती ओळ लिहिणाऱ्यांना केवळ वीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते कोणाचे तरी मुलगे, नवरे आणि भाऊ होते, आणि त्यांना जगायचे होते, हे लक्षात ठेवणे कठीण आहे.

स्मरण

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात माणसे जमतात. कर्जत, नेरळ, मुरबाड आणि दूरच्या गावांतूनही येतात. थंडीत रात्र काढतात आणि सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही हुतात्म्यांना मानवंदना देतात. २०२० च्या जानेवारीत भाईंच्या जीवनावरील मराठी चित्रपटही पडद्यावर आला. नेरळला हुतात्मा चौक आहे, दादरला उद्यान आहे. आठवण ठेवणारे आहेत, हे समाधानाचे आहे.

तरीही स्मरणाचा एक धोका असतो. पुतळ्याचे वय वाढत नाही. त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, घरची आठवण येत नाही. पुतळ्याकडे पाहून मोठे होणाऱ्या मुलांना देशासाठी मरणे ही एक क्षणाची, तेजस्वी गोष्ट वाटू शकते. सीमेवर आजही जी मुले जातात, ती सातारा, सांगली, कोल्हापूर आणि महाड-माणगावच्या खेड्यांतील असतात. त्यांच्यापैकी कोणी तिरंग्यात गुंडाळून परत आले की दोन दिवस गाव लोटते, पुढारी येतात, घोषणा होतात. तिसऱ्या दिवसापासून त्या घराचे जे सुरू होते, ते पाहायला कोणी थांबत नाही. १९४३ मध्ये माथेरानच्या आणि मानिवलीच्या घरांत जे सुरू झाले होते, तेच ते असते.

शिळफाट्याहून परत मुंबईकडे निघताना संध्याकाळ होते. आज कर्जत-खालापूरच्या गावांतही दिवे लागतात. डोंगराच्या कुशीतील वाड्यांपर्यंत खांब पोहोचले आहेत. ज्याने तारा तोडल्या, त्यालाही अखेर हेच हवे असणार. वीज शहरापुरती राहू नये, धान्य सावकारापुरते राहू नये आणि अक्षर साहेबापुरते राहू नये. हे सारे बांधायला तो निघाला होता. आपण त्याला पाडायच्या कामाला लावले आणि मग गमावले. प्लाझासमोरून जाताना एकदा तरी त्या पाटीवरचे नाव थांबून वाचावे. ते वाचताना त्याच्या मरणाबरोबरच त्याने सुरू केलेल्या कामाची आठवण झाली, तर त्याच्या घरच्यांनी मोजलेल्या किमतीची थोडी तरी जाण आपल्याला आहे असे म्हणता येईल.